शेवटची हेबेल

इर्मगार्ड हेबेलने नोंदवहीचं पान इतक्या घाईने उलटलं, की तरुण पाद्रीबुवांना न राहवून तिचा हात धरावा लागला. दीडशे वर्षांचा जुना कागद, फाटला म्हणजे? पण तिला धीर कुठला! बहात्तर वर्षांची ही निवृत्त मास्तरीण आज न्याहारीसुद्धा विसरली होती.

"सापडला! गॉटलिब हेबेल, शिपाई, १८५७. एगोन, डोळे फाडून बघ."

शेजारचा शेतकरी एगोन ड्रेगर तिला आपल्या गाडीतून चर्चमध्ये घेऊन आला होता. समुद्रापार इंग्रजांनी वसवलेल्या श्टुटरहाइमच्या या पट्ट्यात जर्मन घरं दोनच प्रकारची: आधी उतरलेल्या, इंग्रजांच्या पलटणीतल्या शिपायांची, आणि मागाहून नांगर, बियाणं घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची. स्थापनादिनी झेंडा शिपायाच्या वंशजानेच धरायचा. बायकांना ती मुभा यंदा पहिल्यांदाच मिळाली होती, फक्त पुरावा हवा होता. इर्मगार्डला ना नवरा, ना मूल. हेबेलांपैकी ती एकटीच उरलेली. एकदा झेंडा हाती आला की तिला दुसरं काही नको होतं.

"तुम्हा बटाटेवाल्यांना याचं काय कळणार," ती म्हणाली.

"बटाटे खाऊनच सत्तरी ओलांडलीस ना," एगोन म्हणाला. दर हंगामाचं पहिलं पोतं तो तिच्याच दारात टाकायचा. त्याचा बापही टाकायचा. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

गॉटलिबच्या नावापुढे शेरा होता: सप्टेंबर १८५८, पलटणीबरोबर हिंदुस्थानास रवाना, पत्नी येथेच. खाली वेगळ्या शाईत: १८६८, पुण्याच्या छावणीत मृत्यू, तिकडून कधीच परतला नाही.

इर्मगार्डने बाप्तिस्म्याची वही ओढली. तिचे आजोबा ऑगस्ट, जन्म मार्च १८६१. वडील, गॉटलिब हेबेल. तिने बोटांवर वर्षं मोजली. परत मोजली. ओळीच्या शेवटी धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणाऱ्याचं, नाव होतं, मार्टिन ड्रेगर, विधुर, शेतकरी. ऑगस्टच्या पाठच्या बहिणीचा धर्मपिता मार्टिन ड्रेगर. धाकट्या भावाचाही तोच.

मार्टिन म्हणजे एगोनचा पणजोबा.

"दर मुलाला वेगळा धर्मपिता घेतात ना?" तिने हळूच विचारलं.

पाद्रीबुवा घुटमळले. मग म्हणाले, नवरा मेल्याची खबर येईपर्यंत मूल त्याच्याच नावावर लिहायची तेव्हाची रीत. ज्याला बाप म्हणून पुढे येता येत नसे, तो कधीकधी धर्मपिता म्हणून बाळ हातात घेई.

एगोनने टोपी काढली, उगाच झटकली, आणि हात लांबवून वही मिटली.

"शिपायाच्या पानाची नक्कल घे. बाकीचं आपल्या तिघांत राहील. झेंडा तुझाच आहे, इर्मगार्ड."

तिने झेंड्यासाठीच्या अर्जाकडे पाहिलं. आयुष्यभर हवी असलेली गोष्ट, एका सहीवर आलेली. तिने पेनाला टोपण लावलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"रविवारी तुझ्याकडे जेवायला किती जण असतात रे?"

"नातवंडं धरून चौदा. का?"

तिने अर्जाची चार घड्या करून तो पर्समध्ये तळाशी कोंबला.

"पंधरावं ताट मांड," ती म्हणाली. "बटाटे मी सोलीन."