हिरव्या पडद्याच्या अलीकडे

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे, बोलिव्हियातल्या ओरूरो गावच्या एका दवाखान्यातला. माझ्यातून आजवर काहीही आरपार गेलेलं नाही. रक्त नाही, उजेड नाही, सर्जनची शिंक नाही.

बोलणं मात्र सगळं जातं.

मला शिवलं ते कार्निव्हलमध्ये सैतान बनून नाचणाऱ्यांचे पोशाख शिवणाऱ्या बाईने. घाईघाईत तिने सैतानाची एक लाल पत्र्याची टिकली माझ्या काठात शिवून टाकली. कितीदा उकळलं तरी ती निघाली नाही. माझं काम सोपं. पेशंटच्या पाठीत सुई टोचून खालचं अंग बधिर करायचं आणि छातीवर मला आडवं टांगायचं. अलीकडे जागा माणूस, पलीकडे सुरी. "पडदा झकास आहे! पेशंट आहे हे लक्षातच राहत नाही," असं सर्जन डॉक्टर उर्किदी म्हणायचे, आणि मी फुगायचो. आता ते आठवलं की अंगाची आग होते.

त्या दिवशी टेबलावर हर्नियासाठी दोन्या सेनोबिया, म्हणजे आपल्याकडच्या सेनोबियाबाई, होती. ती दवाखान्याच्या फाटकाशी साल्तेन्या विकते, म्हणजे आत रस्सा भरलेल्या भाजक्या करंज्या. डॉक्टरांना रोज लागतात. पण आमच्याकडे साल्तेन्या सकाळीच खातात, अकराला टोपली रिकामी. म्हणून ऑपरेशनंही अकराच्या आत उरकायची, असा दवाखान्याचा कायदाच झाला होता.

भूल देणारी डॉक्टर नेल्वा थंड बोळा लावून बघत होती. "उजवीकडे भूल चढलीय, डावीकडे अजून नाही. जरा थांबा, सर."

"थांबलो तर टोपली संपेल," उर्किदी म्हणाले.

"आज फाटकाशी कुणी बसलेलंच नाही."

"मग ही बाई उलथली कुठे? हल्ली नुसता बटाटा भरते. कोंबडी शोधायला दुर्बीण लागते!"

अलीकडे दोन्या सेनोबियाने डोळे वटारले. "काय म्हणाला हा?"

"काही नाही, मावशी. पडून राहा," नेल्वा पुटपुटली.

आणि उर्किदींनी सुरी लावली.

"आई गं! दुखतंय!"

"दुखत नाहीये ते," पलीकडून आवाज आला. "दाबल्यासारखं वाटतं."

"अहो, पोट माझं आहे!"

"घाबरट असतात ह्या बायका," ते माझ्याकडे बघत म्हणाले. माझ्याकडे! हातभर अंतरावर माणूस ओरडतोय आणि हा गृहस्थ फडक्याशी गप्पा मारतोय! संतापाने मी थरथरायला लागलो. त्यांना वाटलं वारा येतोय. त्यांनी खिडकी लावायला सांगितली आणि सुरी पुन्हा टेकवली.

मग दोन्या सेनोबियाने मला दोन्ही मुठींनी धरलं आणि खेचलं. मी उभा फाटलो. उर्किदींना पहिल्यांदाच पेशंटचं तोंड दिसलं.

"तुम्ही?"

"मीच! बटाटेवाली!"

"आता बाजूला व्हा, सर," नेल्वा म्हणाली. तिने जखमेच्या कडेने बधिर करायचं औषध टोचलं आणि सगळ्यांना थांबायला लावलं. अकरा वाजून गेले. मग मात्र काही दुखलं नाही. एका साल्तेन्यात कोंबडी किती पडते हे दोन्या सेनोबिया शेवटच्या टाक्यापर्यंत सांगत राहिली. उर्किदींचे हात गुंतले होते, त्यांना ऐकावंच लागलं.

मला कचऱ्यात टाकलं. माझं कौतुक करणाऱ्यांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. दोन्या सेनोबियाच्या मुलीने उचललं, धुतलं, आणि आता मी टोपलीवर असतो.

मित्रांनो, उद्या डॉक्टर झालात तर भूल चढेपर्यंत थांबा. अलीकडचा माणूस दुखतंय म्हणाला, की दुखतंय. पडद्याला विचारू नका. पडद्याला पोट नसतं.

परवा उर्किदी फाटकाशी आले. घाईत मोठा घास तोडला, तसा कढत रस्सा हनुवटीवरून शर्टात उतरला.

"पोळलं! पोळलं!"

"पोळत नाहीये ते, डॉक्टर," दोन्या सेनोबिया म्हणाली. "कोमट लागल्यासारखं वाटतं."

त्यांनी मला ओढून तोंड पुसलं. टिकलीने ओठ फाटला, टाके पडले. बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, पण ते चढेपर्यंत टाके घालणारा थांबला नाही. अकरा वाजत आले होते.