चेंबरला घातलेली कळी

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसलं, पण पुरतं नाही. त्याच्या तळाशी तेल साठवणारं पत्र्याचं भांडं असतं, मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. ते खालच्या आडव्या दांडीला दोन बोटं अडत होतं. मेकॅनिकने हात वर केले.

"घरीच कापून जोडू," सासरे म्हणाले, आणि त्यांची नजर स्वतःच्या हातांवर गेली. तीस वर्षं वेल्डिंग केलेले हात आजारपणानंतर इतके थरथरायचे, की कपबशीसुद्धा वाजायची.

सून कपडे शिवायची. तिने चेंबर उलटंपालटं करून न्याहाळलं. "बाबा, तुम्ही सांगा, मी करते."

"अगं, हे झबलं नाही!"

"माप ते मापच ना?"

तिने पुठ्ठ्याचा नमुना कापला. अडणारा कोपरा काढला तर तेल कमी मावणार होतं. "मग बाजूला कळी घालू," ती म्हणाली. "कुर्ता अंगाला घट्ट झाला की जादा तुकडा घालतो तशी."

 सासरे मोठ्याने हसले.

आठवडाभर ती टाकाऊ पत्र्यावर हात बसवत होती. पहिल्या दिवशी पत्र्याची नुसती चाळण झाली. रविवारी मात्र चेंबर धुऊन लख्ख केलं, त्याची कड वाकू नये म्हणून जाड लोखंडी प्लेटला बोल्टांनी आवळली आणि ती जोडायला बसली.

"एकेक टाका घाल. सलग ओढलंस तर पत्रा वाकेल."

"टाके मला नका शिकवू, बाबा!"

गळती बघायला जोडाला बाहेरून खडू फासून त्यांनी आत रॉकेल ओतलं. दहा मिनिटांनी एका कोपऱ्यात खडू ओला झाला. ती मटकन खाली बसली. "गेलं सगळं."

"काही गेलं नाही. मी जोडलेल्या पहिल्या टाकीचं तर मालकाच्या अंगणात कारंजं झालं होतं."

ती हसत उठली. रॉकेल काढून, चेंबर पुन्हा धुऊन-वाळवून तिने तो कोपरा नव्याने जोडला. दुसऱ्या दिवशी खडू पांढराच्या पांढरा राहिला.

चेंबर चढलं, कुठे अडलं नाही. इंजिन अर्धा तास चालवून बंद केलं, तसे सासरे टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले. बराच वेळ बाहेर येईनात.

"बाबा, गळतंय का?"

"छे! टाके बघतोय. सरळ आलेत." ते बाहेर आले, कपाळाला काळं लागलेलं. "फाटकाची बिजागरी तुटलीय. उद्या जोडायला घ्यायची का?"

"उद्या गिऱ्हाइकाला पडदे शिवून द्यायचेत. परवा."

"परवा तर परवा," म्हणत त्यांनी वेल्डिंगच्या कांड्यांचा डबा पुढे ओढला आणि चांगल्या कांड्या वेगळ्या काढायला बसले.