काहील उतरेपर्यंत

हॉटेलात पाहुणे नाश्त्यालाही वेळेआधीच खाली आले, तेव्हा अब्बा खूश झाले.

"बघितलंस का जरीना? आठ म्हटलं की साडेसातला तयार! न्हाईतर आपली वऱ्हाडं. सातची गाडी सांगावी, तर नऊला नवरदेव आंघोळीला बसलेला."

माझे वडील, दस्तगीर मुल्ला, यांची एकच बस होती. मंगळवार पेठेत आमच्या घरासमोर ती उभी असायची आणि लग्नसराईत वऱ्हाडं वाहायची. त्या जानेवारीत मात्र तिच्या खिडक्यांना नवे पडदे लागले होते. रत्नागिरीच्या बंदराबाहेर एक परदेशी प्रवासी जहाज दोन दिवस नांगर टाकून उभं होतं. जहाजाच्या तिथल्या एजंटाने अब्बांना बोलावून विचारलं होतं, काही प्रवाशांना घाट चढून एक मुक्काम कोल्हापूर दाखवून आणाल का? अब्बांनी विचार करायला वेळ घेतला नाही. मी नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि नोकरी शोधत होते. मला इंग्रजी बोलता येत होतं, म्हणून वाटाडी मी. ड्रायव्हर निसारमामा. पाहुणे अकरा, सगळे साठीच्या पुढचे.

एजंटाची अट साधी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला धक्क्यावरून शेवटची लाँच. लाँच जहाजाला लागली की जहाज कोलंबोला निघणार. जो मागे राहील त्याला पुढे पोचवण्याची जबाबदारी दस्तगीर मुल्लांची. पाहुण्यांचे पासपोर्टसुद्धा जहाजावरच होते. अब्बांनी या अटीखाली मराठीत सही केली आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

पहिला दिवस नीट गेला. पन्हाळा झाला, रंकाळ्यावर भेळ झाली. मिसेस व्हीलर नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेने तिखटाने डोळ्यांत पाणी आणून दुसरी भेळ मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घेऊन झाल्या आणि आम्ही परतीला लागलो. अब्बांनी घाट, चहा, पंक्चर असं सगळं धरून हाताशी अर्धा तास जास्तीचा ठेवला होता.

वाटेत जोतीरामआण्णांचं गुऱ्हाळ होतं. आण्णा अब्बांचे जुने दोस्त. त्यांच्या घरची तिन्ही वऱ्हाडं आमच्याच बसने गेली होती. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, 'साता समुद्रापलीकडची पावणं माझ्या शेताच्या कडंनं जाणार आन् रस न पिता जाणार? मग दस्तूला म्हणावं, माझं तोंड बघू नगंस.'

तिथे थांबल्याचा मला आनंदच झाला. चुलवाणात चिपाडं धडधडत होती आणि वर एवढी मोठी काहील, की चार माणसं आत झोपतील. आटणाऱ्या रसावरचा फेस पिवळा होत होता. केरबा गुळव्या लांब दांड्याच्या फावड्याने रस हलवत होता आणि मधूनच एक थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपत होता. कॉलेजातून थर्मामीटर मागून आणला नाही याची मला हळहळ वाटत होती. मी पाहुण्यांना सांगत होते, पाणी कमी होत जातं तसं उकळायचं तापमान वाढत जातं, आधी काकवी होते आणि आणखी आटली की गूळ.

लिंबू पिळलेल्या रसाचा पेला घ्यायला मिस्टर लोरिंग यांनी हात पुढे केला. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ माझ्या नजरेसमोर आलं. ते माझ्या घड्याळाच्या बरोबर अर्धा तास पुढे होतं.

एखादं घड्याळ चुकतं. पण माझी सवय वाईट आहे. मी मिसेस व्हीलरना वेळ विचारली. त्यांनी लोरिंग यांचीच वेळ सांगितली. घोंगड्यावर टेकलेल्या तिसऱ्या बाईंच्या मनगटाकडे मी वाकून पाहिलं. तिथेही तेच. तीन घड्याळं योगायोगाने सारखीच चुकत नाहीत.

"जहाजावर सांगितलंय ना आम्हाला," मिसेस व्हीलर म्हणाल्या, "घड्याळं जहाजाच्या वेळेवरच ठेवा म्हणून. कप्तानाने मुंबईहून निघाल्यावर काटे पुढे करायला लावले."

हातातला पेला मी खाली ठेवला. नाश्त्याला पाहुणे वेळेआधी आले नव्हते. ते वेळेवर आले होते. काल धक्क्यावर लाँच आमच्या आधी येऊन उभी होती, तीही वेळेवरच आली होती.

अब्बा आण्णांशी बोलत उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"अब्बा, त्यांची घड्याळं अर्धा तास पुढं हायेत."

"असतील. त्यांच्याकडं समदंच पुढं असतंय."

"अब्बा, ऐका. जहाज जहाजाच्या वेळेनं चालतं. लाँच त्यांच्या सहाला सुटणार. म्हणजे आपल्या साडेपाचला."

"एजंट सहा म्हणाला की."

"एजंटालाबी जहाजावरनंच निरोप आला असंल."

अब्बांनी स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या, मग लांब बसलेल्या लोरिंग यांच्या हाताकडे. त्यांचे ओठ हिशेब करत हलले. हाताशी ठेवलेला अर्धा तास आता उरला नव्हता.

"निसार!" ते ओरडले. "गाडी चालू कर!"

"का रं?" आण्णा मध्ये आले. "काय इंचू चावला?"

"आण्णा, निघाय पायजे. आत्ताच्या आत्ता."

"रसाचं आदण चुलीवर हाय. उतरलं की जावा."

"तेवढी येळ न्हाय."

आण्णांचा आवाज चढला. "दस्तू, तू आज पयल्यांदा आलायस व्हय हितं? काहील चुलवाणावर असताना पावणा उठला की आदण नासतं. माझ्या बापाच्या येळंला एक मोठा साहेब आसाच उठून गेला. गूळ धरलाच न्हाय. चिखल झाला निस्ता. ते साल आमचं कसं गेलं, आमास्नी ठावं."

गूळ न धरण्याची कारणं मला ठाऊक होती. ऊस कोवळा असेल, चुना कमी पडला असेल. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अब्बांनी माझं मनगट दाबलं. त्यांचं बरोबर होतं. आण्णांना पटवत बसले असते तर तिथेच संध्याकाळ झाली असती.

"अजून किती लागंल?" अब्बांनी केरबाला विचारलं.

केरबाने थेंब पाण्यात टाकला. "गोळी व्हायला बक्कळ येळ हाय. अर्धा तास तर कुटं गेला न्हाय."

निसारमामांनी इंजिन चालू केलं होतं. त्या आवाजाने दोन पाहुणे उठायला लागले. घाणा चालवणाऱ्या गड्यांनी हात थांबवून आण्णांकडे पाहिलं. मी धावत जाऊन पाहुण्यांना बसायला लावलं आणि हसून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते आता आठवत नाही.

अब्बा आण्णांच्या समोर गेले आणि हळू बोलू लागले. ते हळू बोलतात तेव्हा आम्ही घरचे घाबरतो.

"आण्णा, जहाज गेलं तर ही अकरा माणसं बंदरावर उघडी पडत्यात. ह्यांच्याजवळ कागुद न्हाय, कपडा न्हाय. पोलीस ह्यांनाच धरतील. मी सही करून आणलंय ह्यांना. माझ्या सहीवर ही माणसं गाडीत बसली."

आण्णांनी पाहुण्यांकडे पाहिलं. मिसेस व्हीलर पेल्यातल्या रसावर फुंकर घालत होत्या. तो थंड असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"त्या म्हातारीचं कोण हाय जहाजावर?" आण्णांनी मला विचारलं.

मी विचारून आले. "कुणी न्हाय आण्णा. एकट्याच हायेत. औषधाची पेटी तेवढी हाय जहाजावर."

आण्णा काहिलीकडे वळले. "केरबा, काकवी झाली का?"

"काकवी मगाच झाली. गुळाला येळ हाय म्हटलं की."

"उतरा."

"समदी?" केरबाचं फावडं थांबलं. "आण्णा, अख्ख्या काहिलीची काकवी? ठेवायची कशात?"

"घागरी आण, पिंपं आण, तुझ्या सासूचा हंडा आण. उतरा म्हणतोय न्हवं!"

कड्यांतून वासे घालून गड्यांनी काहील उचलली. ती डुचमळत चुलवाणावरून बाजूला आली आणि जमिनीवर टेकली. आण्णांनी पळीने पहिली काकवी देवापुढे सांडली, मग केळीच्या पानाच्या तुकड्यांवर सगळ्यांना थेंब थेंब दिली. लोरिंग यांनी बोट भाजून घेतलं.

"सांग त्यास्नी," आण्णा मला म्हणाले, "आता उठा आन् पळा." मग एक पत्र्याचा डबा काकवीने भरून त्यांनी मिसेस व्हीलर यांच्या मांडीवर ठेवला. बस हलताना ते खिडकीपाशी आले. "दस्तू, पावणं पोचल्याचा निरोप दे. तवर मी दुसरं आदण चढवत न्हाय."

बस बांबवड्याला आली. मग मी पाहुण्यांना सगळं सांगितलं. लोरिंग अवघडून म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुमच्याकडे असंच असतं. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास थांबायचं. बोलून दाखवणं बरं वाटलं नाही."

मी माझ्या घड्याळाचे काटे पुढे केले. अब्बांनी ते पाहिलं. "मागं कर ते. बघवत न्हाय."

मलकापूर मागे पडलं. शाहूवाडीतली भाताची रिकामी खाचरं गेली आणि आंबा घाट सुरू झाला. निसारमामा प्रत्येक वळणाला हॉर्न दाबून धरत होते. बस कलली की अकराही जण एकाच बाजूला कलत होते. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मिसेस व्हीलर यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला आणि मानेनेच मला खूण केली, थांबू नका.

"निसार, गाडी घे कडंला," अब्बा म्हणाले.

"दाजी, येळ!"

"माणूस हाय ते. पोतं न्हवं."

त्या कठड्यापाशी वाकल्या, मी त्यांची पाठ धरली. अब्बा पाण्याची बाटली घेऊन उभे होते आणि घड्याळाकडे पाहत नव्हते. न पाहण्यासाठी त्यांनी तो हात पाठीमागे धरला होता.

रत्नागिरीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा सूर्य पाण्यावर उतरला होता. माझ्या घड्याळात पावणेसहा. धक्क्यावर लाँच नव्हती. एजंटाचा कारकून तेवढा उभा होता.

"गेली," तो म्हणाला. "वाट पाहून गेली. कुठे होतात तुम्ही?"

जहाज दूर खाडीच्या तोंडाबाहेर उभं होतं, पांढरं, दिवे लागलेलं. एवढ्यात त्याचा भोंगा वाजला. पाहुण्यांपैकी एका बाई रडू लागल्या.

अब्बा पायातल्या चपलांसकट पळाले. धक्क्याच्या खालच्या अंगाला मच्छीमारांचे मचवे लागले होते. एका इंजिनाच्या मचव्यावर तो चालवणारा तांडेल जाळं आवरत होता. त्यांचं नाव गौसभाई होतं हे मला नंतर कळलं.

"सलाम, भाई! जहाज गाठून द्याल का?"

तांडेलाने वर बघितलं. पडदे लावलेली बस, गोरी म्हातारी माणसं, डबा. "कोल्हापूरचे काय? उसाच्या बैलगाडीतून आलात वाटतं."

"काय वाट्टेल ते बोला. पण नेताय का?"

"नेत नाही म्हटलं तर तुम्ही पोहत जाल असं दिसतंय," गौसभाई म्हणाले. "बसवा. म्हातारीला मधे बसवा."

अब्बांना पोहता येत नव्हतं. रंकाळ्यातही ते गुडघ्याच्या वर कधी गेले नव्हते. तरी सर्वांत शेवटी तेच चढले. मलाही यायचं होतं, पण मचवा इतका भरला होता की गौसभाईंनी हातानेच अडवलं. मिसेस व्हीलर डबा मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. त्यांनी मला हात केला. इंजिन सुरू झालं आणि मचवा लाटांवर वरखाली होत निघाला.

मी निसारमामांजवळ उभी राहिले. मनात मी मचव्याचा वेग धरला, अंतर धरलं, वेळ काढू लागले. मग सोडून दिलं. जहाजावरून कुणी मचव्याकडे पाहील का, पाहिलं तर थांबेल का, या दोन गोष्टी कुठल्याच समीकरणात बसत नव्हत्या.

जहाज हलल्यासारखं दिसलं. आधी वाटलं, मचवाच सरकतोय. पण दिव्यांची रांग किनाऱ्यावरच्या टेकडीमागे एकेक करून जाऊ लागली. नांगर उचलला होता. त्या आधीच मचवा जहाजाच्या पलीकडच्या अंगाला गेला होता आणि दिसेनासा झाला होता.

"आपा, चढली असतील का गं?" निसारमामांनी विचारलं. फार घाबरले की ते मला आपा म्हणतात.

"असतील," मी म्हणाले.

अंधार पडला. कारकून कंदील घेऊन आला. जहाजाचे दिवे लहान होत गेले आणि मग बराच वेळ नुसतं पाण्याचं आपटणं ऐकू येत होतं. शेवटी इंजिनाची टुकटुक आली. मी धक्क्याच्या अगदी कडेला गेले. मचव्याच्या मागच्या टोकाला एक उभी आकृती दिसली, सुकाणू धरलेली. मध्ये दुसरी आकृती, डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी मारलेली. तिसरं कुणी नव्हतं. मी पुन्हा पाहिलं. खरंच तिसरं कुणी नव्हतं.

अब्बांना आम्ही वर ओढून घेतलं. कपडे भिजलेले, तोंडाला उलटीचा वास.

"चढली?"

"चढली. दोराच्या शिडीवरनं. म्हातारी समद्यात आधी." ते धाप टाकत होते. "वरनं एक साहेब लई ओरडत होता, इंग्रजीत. मी हात जोडून हुभा ऱ्हायलो. मग त्यानं दोरी सोडली, डब्यासाठी. काकवीबी गेली वर."

गौसभाई मचव्यातून म्हणाले, "तुमच्या बापाला पुढच्या वेळी पोटाला दोरी बांधून आणा. काठी उपटली असती त्याने."

अब्बांनी कारकुनाकडे पाहिलं. "पुढल्या जहाजाच्या कामाचं काही म्हणाले का एजंट?"

"नाही," कारकून म्हणाला आणि कंदील घेऊन गेला.

अब्बा बसच्या पायरीवर टेकले. पडदे वाऱ्याने बाहेर आले होते. त्यांनी ते एकेक करून आत सारले.  मग ते आपले हात बघू लागले. डोलकाठी धरून तळवे सोलले होते.

"निसार, चाल," ते म्हणाले. "वाटंत आण्णाकडं थांबाय पायजे. काहील रिकामी ठेवून बसला असंल त्यो."