छापील प्रतीनुसार

ती कादंबरी हातात घेतली तेव्हाच बाईंनी नाक मुरडलं. मुखपृष्ठावर एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांकडे पाठ करून उभी होती आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, पहिलं प्रेम, दुसरी संधी.

"हे कुणी आणून टाकलं?" त्यांनी बटणरावांना विचारलं.

बटणराव हे नाव बाईंनीच पाडलेलं. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या लहानशा संस्थेत यंत्रं सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. काचेपलीकडे बसून ते बटणं फिरवत आणि अलीकडे बाई वाचत.

"एक मुलगा ठेवून गेला. जरा लवकर करा म्हणाला. बिचारा फार घाईत दिसला."

"घाईत असणारच. असली पुस्तकं घाईतच लिहितात आणि घाईतच वाचतात."

पण वाचायला त्या बसल्याच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाईंनी या खोलीत विज्ञानाची पुस्तकं वाचली होती, कायद्याची वाचली होती, एकदा तर शिवणयंत्र दुरुस्त कसं करावं तेही वाचलं होतं. आवडनिवड इथे चालत नव्हती. भिंतीवर बाईंच्याच वळणदार अक्षरात पाटी होती : छापलंय तेच वाचा. एका नव्या वाचकानं 'तो रडला'च्या जागी 'तो ओक्साबोक्शी रडला' असं वाचलं, तर बाईंनी त्याच्याकडून सबंध पान पुन्हा वाचून घेतलं होतं. "आपण त्यांचे डोळे आहोत," त्या म्हणाल्या होत्या, "डोळ्यांनी मतं द्यायची नसतात." त्या पोरानं पुन्हा संस्थेत पाऊल टाकलं नाही ते सोडा.

झालेलं प्रत्येक ध्वनिमुद्रण कुणीतरी छापील पुस्तक समोर धरून तपासायचं, हाही नियमच. फक्त बाईंचं कुणी तपासत नसे. बाईंचं काय तपासायचं!

तर कादंबरी. शाळेतली दोघं. त्याचं तिच्यावर प्रेम, पण लोक काय म्हणतील या भीतीनं तो एक दिवस न सांगता गाव सोडून जातो. ती झुरते. बाईंना वाटलं, ठीक आहे, आता ही मुलगी काहीतरी शिकेल, उभी राहील. कसलं काय! ती पानापानांवर खिडकीत बसून राहिली. मग काही वर्षांनी तो परत येतो, शेवटच्या प्रकरणात तिचं दार वाजवतो, म्हणतो, "मी घाबरलो होतो. आता नाही घाबरत." आणि ही बया दार उघडते. जाब नाही, भांडण नाही, दोन पानांत सगळं माफ.

ती दोन पानं मोठ्यानं वाचण्याआधीच बाईंनी नजरेखालून घातली होती, आणि त्यांचं डोकंच फिरलं. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा चालू होता आणि काचेपलीकडे बटणराव हनुवटी टेकवून आवाजाचा काटा बघत होते. बाईंनी पुस्तक अलगद मांडीवर ठेवलं आणि समोर बघत, त्याच संथ आवाजात त्या पुढे म्हणाल्या, "दार वाजवायला उचललेला हात त्यानं खाली घेतला. आपल्याला हा हक्क उरला नाही हे त्याला कळलं होतं. तो मागे वळला आणि पुन्हा कधीही त्या रस्त्यानं आला नाही."

छान जमलं होतं. मूळ लेखिकेला सात जन्मांत जमलं नसतं. मग नेहमीप्रमाणे शेवटचं वाक्य म्हणून त्यांनी ध्वनिमुद्रण संपवलं : "हे पुस्तक छापील प्रतीनुसार शब्दशः वाचले आहे." जीभ जराही अडखळली नाही. घरी जाताना तर त्यांना चक्क हसू येत होतं.

पुढच्या आठवड्यात चिमणी आली. हेही नाव बाईंनीच पाडलेलं. लहानपणी आईचं बोट धरून यायची तेव्हा या मुलीचं तोंड क्षणभर मिटत नसे. आता ती एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती आणि पांढरी काठी टेकत एकटी यायची. शाळेची सगळी पुस्तकं तिनं बाईंच्या आवाजात ऐकली होती. आज मात्र ती बाकावर गप्प बसून राहिली.

"काय गं, दवाखान्यात बोलून बोलून संपलीस की काय?"

"ती कादंबरी ऐकली, बाई. छान वाचलीत."

"छान कसली डोंबलाची! पुस्तक भिकार होतं."

"शेवट चांगला होता," चिमणी म्हणाली. "खरा वाटला. म्हणूनच लागला."

बाई सुखावल्या. हो, सुखावल्याच. ते सुख नंतर त्यांना किती वेळा आठवलं आणि किती वेळा मेल्याहून मेल्यासारखं झालं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"तुम्हाला सांगितलं नव्हतं, तुम्ही ओरडला असता," चिमणी सांगू लागली. "शाळेत माझा एक मित्र होता. मित्र म्हणजे... तसाच. सायकली दुरुस्त करतो. आंधळी मुलगी करणार का म्हणून घरच्यांनी त्याला नको नको ते ऐकवलं आणि एक दिवस तो नाहीसाच झाला. आता परत आलाय. मी विचारलं, का आलास? तर त्याला बोलता कुठे येतं! म्हणाला, एक पुस्तक देऊन येतो बाईंकडे. त्याचं शेवटचं प्रकरण ऐक. मला जे म्हणायचंय ते त्यात आहे."

बाईंची नजर काचेपलीकडच्या यंत्राकडे गेली.

"ऐकलं मी. कळलं. हात खाली घेऊन परत जायचं म्हणतोय. काल त्याचा फोन आला. सगळं ऐकलंस का म्हणाला. मी म्हटलं, ऐकलं, आता येऊ नकोस. त्यावर काही बोललाच नाही, नुसता फोन ठेवला." ती हसायला गेली, पण ते तिला जमलं नाही. "निदान या वेळी सांगून तरी जातोय."

काचेपलीकडे दार उघडं ठेवून बटणराव वायरींची गुंडाळी करत होते. चिमणीला काही दिसणार नव्हतं आणि बटणरावांना काही कळलेलं नव्हतं. बाई गप्प राहिल्या असत्या तर या कानाचं त्या कानाला समजलं नसतं, आणि हे त्यांच्या मनात आलं, अगदी स्पष्ट आलं. त्या विचाराचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

"चिमणे," त्या म्हणाल्या, "पुस्तकात तसं नाहीये."

"कसं?"

"तो दार वाजवतो. मी घाबरलो होतो, आता नाही घाबरत, असं म्हणतो. आणि ती दार उघडते. मी... मला पटलं नाही. मी बदललं."

चिमणीचा चेहरा आवाजाच्या दिशेनं वळला आणि तसाच थांबला. बटणरावांच्या हातातली गुंडाळी सुटली.

"का पण?" तिनं विचारलं.

पुस्तक भिकार होतं, हे उत्तर बाईंच्या ओठांवर तयार होतं. पण ते खोटं होतं. फार वर्षांपूर्वी बाईंच्या दारापाशीही एक माणूस परत आला होता. त्यानं दार वाजवलं होतं, पुन्हा पुन्हा वाजवलं होतं, आणि बाई आत कडीला हात लावून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी उघडलं नाही. पुढे मैत्रिणींना, बहिणीला आणि स्वतःलाही त्या सांगत आल्या की तो न वाजवताच परत गेला. इतक्यांदा सांगितलं की तेच आता तोंडपाठ झालं होतं. त्या दिवशी पुस्तक मांडीवर ठेवून त्यांनी तेच वाचून दाखवलं होतं.

"माझं मी वाचलं," त्या म्हणाल्या. याहून जास्त त्यांना सांगता येईना. "चुकलं माझं. आता लगेच फोन कर त्याला. नाहीतर मी करते, मी सांगते त्याला."

"नको. तुम्ही काही सांगू नका." चिमणी उठली. "बाई, पाचवीपासून मी तुमचंच ऐकतेय. आणखी कुठे कुठे बदललंत?"

"कुठेच नाही गं. शपथ घेते. हे एकदाच."

"शब्दशः वाचलंय असं तुम्ही याच्याही शेवटी म्हणालात."

बटणरावांनी मान खाली घातली. भिंतीवरच्या पाटीकडे बघायची बाईंची हिंमत झाली नाही.

"बस, मी आत्ता पुन्हा वाचते," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "बटणराव समोर पुस्तक धरून बसतील. शेवटचं प्रकरण..."

"मला पुस्तकच द्या."

"तुला?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तो वाचेल. अडखळत वाचतो, जोडाक्षर आलं की धापा टाकतो. पण असेल ते वाचतो."

बाईंनी पुस्तक तिच्या हातात दिलं. चिमणीनं मुखपृष्ठावरून बोटं फिरवली, ते पिशवीत टाकलं आणि काठीनं उंबरठा चाचपला. एरवी बाई तिला हात धरून कोपऱ्यापर्यंत सोडायला जायच्या. आज त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"पुन्हा येशील ना गं?"

"बघू," चिमणी म्हणाली. जिन्यावर काठीचा आवाज खाली खाली जात राहिला, आणि मग तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला, "थांब, ठेवू नकोस."

बाई आत जाऊन खुर्चीवर बसल्या. बटणरावांनी त्यांच्यासमोर पुढचं पुस्तक ठेवलं. मग दुसरी खुर्ची ओढून ते शेजारी बसले, आणि त्याच पुस्तकाची दुसरी प्रत उघडून त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.