धुतलेली मारिया

“मी हातसुद्धा लावत नाही हो तिला!” असं म्हणत मादाम ओझाननी भेगाळलेले दोन्ही हात एप्रनखाली दडवले.

टेबलावर वीतभर उंचीची हस्तिदंती मारिया उभी होती, कडेवर बाळ घेऊन. मूर्ती सातशे वर्षांची आहे असं हे नॉर्मंडीतलं खेडं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं होतं. पॅरिसच्या तज्ज्ञाने मात्र उभ्या उभ्या निकाल दिला, की एवढी पांढरी मूर्ती जुनी असूच शकत नाही, ही द्येप बंदरातल्या कारागिरांनी शे-दीडशे वर्षांमागे केलेली नक्कल. तेव्हापासून शेजारची गावं टर उडवत होती आणि चर्चची झाडलोट करणाऱ्या मादाम ओझानना अन्न गोड लागत नव्हतं.

मूर्ती पुन्हा तपासायला आलेली बेर्तील रूआं शहराच्या संग्रहालयात हस्तिदंत तपासत तपासतच साठीला टेकली होती. सहकारी तिला गोचीड म्हणत. त्यात तिला काही वावगं वाटत नसे.

“ते कार्बन का काय, ते करून टाक ना पोरी.”

“त्यानं हत्ती कधी मेला तेवढं कळतं, मादाम. जुना सुळा आणून नंतर कोरला असला तर? हिच्या कमरेचा बाक सुळ्याच्या बाकाबरोबर जातोय, जुने कारागीर तसंच कोरायचे, तेवढं बरं आहे. पण ही एवढी गोरी कशानं झाली? खरं सांगा, नाहीतर मला नक्कलच लिहावं लागेल.”

मादाम ओझाननी एप्रनखालचे हात बाहेर काढले.

“दर ईस्टरला. काळा साबण न्‌ चिमूटभर सोडा. आधी सासूबाई करायच्या, मग मी. देवाच्या आईला पारोशी ठेवायची का?”

बेर्तीलचं डोकंच फिरलं. मूर्तीवरचा शतकांचा रंग आणि सोन्याचा मुलामा या बायकांनी मोरीत घालवला होता. तिने राग गिळला.

“ब्रश कुठं पोचत नाही?”

“बाळाच्या उजव्या टाचेमागं. तिथं नखसुद्धा जात नाही.”

बेर्तील सूक्ष्मदर्शकाला चिकटली. मान अवघडली, कॉफी गार झाली, तरी ती उठली नाही. अखेर त्या फटीत निळा कण सापडला, वर सोन्याची चकाकी. निळ्याचे दाणे ओबडधोबड होते, दगड कुटून केलेल्या रंगासारखे. नक्कल करणाऱ्यांचा कारखान्यातला निळा पिठासारखा एकसारखा असतो.

“जुनी आहे, मादाम. गाव खरं बोलत होतं.”

मादाम ओझाननी छातीवर क्रुसाची खूण केली आणि बेर्तीलच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. “त्या पॅरिसवाल्याला म्हणावं, आधी चष्मा धू!”

पुढचं बोलणं बेर्तीलच्या जिवावर आलं होतं, पण ते टाळण्यातली ती नव्हती.

“आता ती काचेत राहील. धुणं बंद. हातही लावायचा नाही.”

“मीसुद्धा?”

“तुम्ही तर मुळीच नाही.”

“आणि धूळ?”

“आत धूळ जाणार नाही.”

मादाम ओझाननी मान हलवली. “बरोबर आहे. एवढी म्हातारी, जपायलाच हवी.” मग मूर्तीला धक्का न लावता त्यांनी तिच्याखाली अंथरलेला आपला टॉवेल हळूहळू ओढून घेतला. त्याची घडी केली, मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.