बबिताने पसंत केलेली फरशी

बबिताने पिशवीतून तेलाची बाटली काढून फरशीच्या तुकड्यावर चार थेंब टाकले. मग चप्पल काढून त्यावर टाच घासली.

"घसरते. दुसरी दाखवा, जफरभाऊ."

पुसदच्या त्या दुकानाचा मालक जफर हसला. "वहिनी, फरशी घेऊन राह्यल्या का बैल?"

"पाय घसरून हातातली मोटर सुटली तं बोटं जातेत, भाऊ."

महागावजवळच्या तांड्यावर, रस्त्याकडच्या खोलीत ती अठरा वर्षं शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटरी भरत होती. जुनी तार उपसायची, नवी गुंडाळायची. काम तिच्या नवऱ्याने, बादलने शिकवलं. पुढे त्याला बारीक तार दिसेना, तेव्हा ती बसली ती बसलीच. खोलीतला कोबा इतका उखडला होता की दिवस मावळेपर्यंत तिचे गुडघे सोलून निघत. मागच्या आठवड्यात बादल आपणहून म्हणाला, "फरशी टाकू. तुले पाह्यजे ती पसंत कर." आज त्यानेच तिला सकाळच्या एसटीत बसवून दिलं होतं. "घाई करू नको," असंही खिडकीतून सांगितलं होतं.

तिसरा तुकडा करड्या, चौकड्यांच्या पार्किंग टाइलचा होता. त्यावर तेल टाकूनही टाच जागची हलली नाही. तिने हातोडा मागून घेतला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. टवका उडाला नाही.

"हीच द्या. रस्त्याकडच्या खोलीसाठी."

जफरचं हसू मावळलं. "त्या खोलीची फरशी तं मघाशीच गाडीत गेली, वहिनी. पांढरी, चकचकीत. शामच्या मोबाइल दुकानाले. बादलभाऊनं कालच पसंत केली. मले वाटलं, तुमी मागच्या अंगणासाठी पाहून राह्यल्या."

शाम तिचा धाकटा दीर. बबिताने टाचेचं तेल पुसलं आणि चप्पल घातली.

ती घरी पोचली तेव्हा मिस्त्री खोलीत फरशीच्या पातळीसाठी दोरी ताणत होता. तिचं तार गुंडाळायचं यंत्र, तारेची रिळं, वार्निशचा डबा, सगळं मागच्या अंगणात पत्र्याखाली नेऊन टाकलेलं.

"शामच्या दुकानाले रस्ता पाह्यजे," बादल म्हणाला. "तुह्यं काम काय, मागंही होते."

"विचारून तं पाह्यचं होतं."

"तू नाही म्हटली असती."

"मंग मले पसंत कराले काहून धाडलं?"

बादल मिस्त्रीकडे पाहत राहिला. "मिस्त्रीले आज खोली रिकामी पाह्यजे होती," तो हळूच म्हणाला.

चार दिवसांनी बाबुलाल नावाचा शेतकरी मोटारसायकलला मोटर बांधून आला. दारातली पांढरीशुभ्र फरशी पाहून तो बाहेरच थबकला.

"बाई कुठं बसतेत आता?"

बादलने मागे बोट दाखवलं.

बबिताने पत्र्याखालची जागा झाडून पोतं अंथरलं होतं. बाबुलालने मोटर ठेवली, तशी ती भुसभुशीत मातीत दोन बोटं रुतली. बबिताने चष्मा चढवला आणि पाना लावला. मातीत हरवू नयेत म्हणून एकेक नट ती पदराच्या ओटीत टाकत गेली.

थोड्या वेळाने बादल चहा घेऊन आला. तिने मान वर केली नाही. कप टेकवायला तिथे सपाट जागा नव्हती. तो कप हातात धरून तसाच उभा राहिला.