समोरची खुर्ची

रोहिणीने दोन टेबलं ओढून एकमेकांना चिकटवली आणि ओढणीने त्यांवरची धूळ झटकली. एका बाजूला कामगार, समोर मालक आणि टोकाला ती स्वतः, समेट घडवणारी सरकारी अधिकारी. वाटाघाटीचा हा खेळ ती दर वर्षी वर्गात मांडायची. नियम एकच, करारावर दोन्हीकडच्या सह्या झाल्याशिवाय चहा नाही. त्या नियमापायी भलेभले हट्टी मालक वठणीवर आले होते.

"चला, कामगार कोण होतंय?"

कोणी हललं नाही. ती शिकत होती तेव्हा पुढारी व्हायला पोरं भांडायची. आता सगळ्यांना मॅनेजर व्हायचं असतं, आणि व्हावं की, त्यात वाईट काय? विभागाच्या पाटीनेही तेच केलं होतं. आधी तिच्यावर 'कामगार संबंध' होतं, मग 'औद्योगिक संबंध', आणि आता चकचकीत 'मनुष्यबळ व्यवस्थापन'. जुना विषय एका पेपरापुरता उरला होता.

"मॅडम, कापडगिरणीचा तंटा नको," पारनेरचा सुनील म्हणाला. "आम्ही गिरणी पाहिलीय कुठं?"

"मग ऊसतोडीचं घेऊ," जया म्हणाली. ती शेवगावकडची. तिचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन निघाले, की घराला थेट उन्हाळ्यातच जाग यायची. "मी कामगार."

सुनील टुणकन समोरच्या खुर्चीत बसला. "मी कारखाना. बोला, काय मागणी आहे?"

"कारखाना आसं बोलतच न्हाई. तो म्हनतो, ही मानसं आमची न्हाईत, मुकादमाची हायेत."

"बरं, मग मी मुकादम."

"मुकादम म्हनतो, मी कसला मालक? मीबी गडीच हाय. कारखान्याला इचारा."

सुनील उठून बाजूला झाला. "आयला, मग मी बसू कुठं?"

वर्ग खो खो हसला. रोहिणीला हसू आलं नाही. ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. जाडजूड पुस्तकं झाली, संपांचे इतिहास झाले, कायदे आले आणि बदलले. पण समोर कोणीतरी बसलेलं असेल, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. सगळा विषय त्या गृहीतावर उभा होता. तीही कित्येक वर्षं तोच शिकवत आली होती.

आणि आज सकाळीच ती स्वतः अशाच रिकाम्या खुर्चीला धडकून आली होती. पुढच्या सत्रापासून हा पेपर बंद, त्याच्या जागी आकडेवारीचा नवा विषय, असं तिला कळलं. तासिका तत्त्वावरची बाई ती. पेपर गेला की तीही गेली. प्राचार्य काकासाहेब गुंजाळ म्हणाले, "माझ्या हातात काय आहे? विद्यापीठाला विचारा." विद्यापीठातून फोनवर सांगितलं, कॉलेज ठरवतं. संस्थेच्या ऑफिसात म्हणाले, शासन पदं भरत नाही त्याला आम्ही काय करणार. आणि ती प्रत्येकाला "बरं सर" म्हणाली होती. वर हसलीही होती. त्या हसण्याची तिला आता मनस्वी चीड आली.

दारात चपला वाजल्या. प्राचार्यच होते. मुलं उभी राहिली.

"बसा, बसा. मॅडम, सांगितलंत ना यांना? पुढच्या सत्रात हा पेपर नाही. नवा विषय येतोय, नोकरीच्या दृष्टीने फार चांगला आहे."

"आन् मॅडम?" जयाने विचारलं.

"ते काही माझ्या हातात नाही, बाळा."

जयाने ती रिकामी खुर्ची जरा मागे ओढली.

"सर, बसा की. हुबं किती वेळ ऱ्हानार?"

गुंजाळ सर बसले. पोरगी संस्कारी आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. जया टेबलाला वळसा घालून आपल्या जागी गेली. तिच्या शेजारी कोणी येऊन बसलं, मग आणखी कोणी. सुनीलने थोडा विचार केला, नोकरीचा असावा, आणि तोही त्याच बाजूला जाऊन उभा राहिला.

सरांनी समोर पाहिलं. मग टोकाला बसलेल्या रोहिणीकडे पाहून ते कसनुसे हसले.

"मॅडम, हे काय चाललंय?"

दोघांच्या मधे बसायची रोहिणीला सवय होती. तिथून दोन्हीकडचं नीट दिसतं, असं ती मुलांना सांगायची. ती उठली. तिने आपली खुर्ची उचलली आणि जयाच्या शेजारी ठेवली.

"वाटाघाटी, सर," ती बसत म्हणाली. "आमच्यासमोर कधी कोणी बसतच नव्हतं."

एवढ्यात कॉलेजचे शिपाई गहिनीनाथमामा चहाची किटली घेऊन आले. प्राचार्यांना बघून लगबगीने त्यांनी पहिला कप त्यांच्यासाठीच काढला.

"मामा, थांबा," रोहिणी म्हणाली. "अजून नाही."

मामांनी एकदा टेबलाच्या या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला. सह्यांआधी चहा नाही, हा नियम त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होता. त्यांनी कप परत ठेवला आणि किटलीचं झाकण नीट बसवलं.